118 नावांतलं एक

2 सप्टेंबर 2020, बुधवार. संध्याकाळी पाचच्या सुमारास केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली आणि त्या यादीत पबजी निघाला. ती वेळ शून्य धरू आणि तिथून मागे तास मोजू. मोजायला बसू धानोऱ्यात. नंदुरबार तालुक्यातल्या या गावाला दिल्ली लांब आणि सोल त्याहून लांब, जवळ काय ती सुरत.

30,216 तास आधी

23 मार्च 2017. 'प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स', म्हणजेच पबजी, हा संगणकावरचा गेम अर्धाकच्चाच विक्रीला येतो.

ज्याच्या टोपणनावावरून गेमला नाव मिळालं तो ब्रेंडन ग्रीन हा आयरिश माणूस. त्याचा धंदा गेम बनवण्याचा नव्हे. फोटो काढणं, वेबसाइटची डिझाइनं करणं असली पोटापाण्याची कामं करत तो ब्राझीलमध्ये राहत होता आणि फावल्या वेळात 'आर्मा 2' या युद्धाच्या गेममध्ये आपल्या मनाचे नियम घुसडत होता. कल्पना 2000 सालच्या 'बॅटल रॉयल' या जपानी चित्रपटावरून सुचलेली: माणसं एका बेटावर सोडून द्यायची, शेवटी एकच उरला पाहिजे. दक्षिण कोरियातल्या ब्लूहोल कंपनीचे किम चांग-हान यांनी त्याला सोलला बोलावून घेतलं आणि साधारण वर्षभरात गेम उभा केला.

खेळ असा. शंभर जण एका विमानात. अंगावरच्या कपड्यांशिवाय जवळ काही नाही. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद बेटावर ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने पॅराशूटने उतरायचं. मग घराघरांत शिरून बंदूक, गोळ्या, हेल्मेट, मलमपट्टी शोधायची. याला खेळणारे 'लूट' म्हणतात. नकाशावर एक पांढरं वर्तुळ उमटतं. त्याच्या बाहेर राहिलात तर निळी भिंत मागून येते आणि हळूहळू जीव घेते. वर्तुळ दर काही मिनिटांनी आवळत जातं, म्हणून लपून बसलेल्यालाही उठावंच लागतं. अर्ध्या तासात शंभराचा एक होतो आणि पडद्यावर कोंबडीच्या जेवणाची बक्षिसी झळकते. बेटाचं नाव एरँगल. ग्रीनच्या मुलीचं नाव एरिन, त्यावरून ठेवलेलं.

जानेवारी 2018 मध्ये एकाच वेळी 32 लाखांहून जास्त लोक हा गेम खेळत होते. त्यांच्यात धानोऱ्याचं कोणी असेल असं वाटत नाही. गेम विकत घ्यावा लागे, आणि तो चालवणारा संगणक गेमच्या कितीतरी पट महाग.

21,552 तास आधी

19 मार्च 2018. पबजी मोबाइल जगभर खुला होतो, तोही फुकट.

पुढची सगळी कथा या दिवसाच्या पोटात आहे. मोबाइलवरचा पबजी कोरियन कंपनीने बनवला नाही. तो बनवला चीनच्या टेन्सेंटने, आपल्या लाइटस्पीड अँड क्वांटम स्टुडिओत. नाव, बेट, नियम कोरियाचे; मोबाइलचा गेम आणि तो चालवण्याची व्यवस्था चीनची. तेव्हा या वाटणीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं.

आपल्याकडे रान तयार होतं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि दिवसाला जीबीच्या हिशेबात डेटा मिळू लागला. तरी दीड-दोन जीबीचा गेम उतरवून घेणं हे आमच्या भागात एका दिवसाचं काम नव्हतं. त्यावर तोड निघाली. एक जण नंदुरबारला जाई, चांगल्या रेंजमध्ये गेम उतरवून घेई आणि गावात परतला की शेअरइट किंवा झेंडरने तो बाकीच्यांच्या फोनमध्ये टाके. नुसतं ॲप पाठवून भागत नसे. 'ओबीबी' नावाची जड फाईल नेमक्या फोल्डरमध्ये ठेवावी लागे. चुकीच्या जागी ठेवली की गेम पुन्हा पहिल्यापासून उतरायला घेई आणि दिवसाचा डेटा तिथेच संपे. ज्याला ती जागा ठाऊक, त्याचा गावात मान. जुलै 2019 मध्ये पबजी मोबाइल लाइट भारतात आला: साठच खेळाडू, छोटं बेट, कमी रॅमच्या फोनवरही चालणारा. मग तर मोठ्या भावाचा जुना फोनही कामी आला.

चौघांचा स्क्वॉड, कानात एकच बाजू चालणारे इअरफोन, आणि बोली अहिराणी, भिली, हिंदी अशी एकत्र. "भो, आठे ये, एक नॉक शे!" पोचिंकी, जॉर्जोपोल, मिलिटरी बेस ही नावं पोरांना आपल्या शिवारातल्या नावांइतकी तोंडपाठ. रेंज गावात सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे ज्या कट्ट्यावर पिंगचा (सर्व्हरचं उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा हिरवा राही त्या कट्ट्यावर संध्याकाळी जागा मिळत नसे.

13,104 तास आधी

मार्च 2019. या महिन्यातले दहा दिवस सावकाश पाहण्यासारखे आहेत.

त्याआधी जानेवारीत दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये एका आईने पंतप्रधानांपुढे मुलाच्या ऑनलाइन गेमच्या नादाची तक्रार मांडली. "ये पबजीवाला है क्या?" मोदींनी विचारलं आणि सभागृह हसलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात पबजीवर बंदी घाला म्हणून जनहित याचिका गेली. ती अकरा वर्षांच्या मुलाच्या नावे होती. गुजरातने शाळांमधून गेम हद्दपार करण्याचं परिपत्रक काढलं.

6 मार्चला राजकोट पोलिसांनी शहरात पबजी खेळायलाच मनाई केली. आठवडाभरात दहा तरुण पकडले गेले, त्यांत कॉलेजची पोरंही. गुन्हा कलम 188 चा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडल्याचा. जामीन झाला, प्रकरण पुढे विरलं. पण फोन हातात धरून बसलेल्या माणसाला पोलीस उचलू शकतात, ही गोष्ट त्या आठवड्यात कळली. आमच्याकडची बरीच पोरं कामाला गुजरातेत असतात. त्यांना ती आमच्या आधी कळली.

10 मार्चला हैदराबादच्या स्टेडियममध्ये पबजी मोबाइल इंडिया सिरीजची अंतिम फेरी होती. एकूण बक्षीस एक कोटी. जिंकला सोल हा संघ, आणि त्यातला मुंबईचा नमन माथुर ऊर्फ मॉर्टल घराघरात पोहोचला. मुंबईचाच आदित्य सावंत ऊर्फ डायनॅमो तोवर यूट्यूबवर तारा झाला होता. त्याचं 'पट से हेडशॉट' धानोऱ्यात तिसरीतली पोरंही म्हणत, हातात फोन नसला तरी.

16 मार्चला हिंगोलीत रेल्वेरुळाजवळ पबजी खेळत बसलेल्या दोन तरुणांना गाडीने उडवलं.

अटक, करंडक आणि अपघात, सगळं दहा दिवसांत. त्यानंतर कोणाच्याही ओट्यावर बसा, पबजीवर दोनच मतं ऐकू येत: पोरं वाया चाललीत, नाहीतर पोरं नाव काढताहेत. बंदी यायचीच असेल तर पहिल्या मताच्या जोरावर येणार, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं. आई-वडील, शिक्षक, पोलीस, न्यायालय हे सगळे एकाच दिशेला बघत होते. येणारी गोष्ट त्या दिशेने आली नाही.

11,592 तास आधी

8 मे 2019. चीनमध्ये पबजी मोबाइल बंद होतो.

हे फार कमी जणांच्या ध्यानात आहे. हा गेम चालवून पैसे कमावण्याची परवानगी टेन्सेंटला स्वतःच्या देशातच मिळाली नाही. सरकारला तो फार रक्तरंजित वाटला. म्हणून त्या दिवशी कंपनीने तिथला पबजी गुंडाळला आणि 'गेम फॉर पीस' नावाचा जवळजवळ तसाच गेम आणला. त्यात गोळी लागलेला माणूस रक्त सांडून पडत नाही. उठून हात हलवतो, निरोप घेतो आणि नाहीसा होतो. सव्वा वर्षाने जो गेम आपण चिनी म्हणून बंद केला, तो त्याच नावाने चीनमध्ये कोणाला खेळता येत नव्हता.

3,881 तास आधी

24 मार्च 2020 च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी. शाळा त्याआधीच बंद झालेल्या.

जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि ज्या घरांत फोन ही चैन होती तिथे तो वही-पुस्तकाच्या रांगेत जाऊन बसला. बापाने कापसाच्या बियाण्याच्या पैशांतून किंवा उसनवारी करून फोन घेतला तो वर्गासाठी. आमच्या जिल्ह्यात धडगाव, मोलगीकडच्या पाड्यांवर तर रेंजसाठी डोंगर चढावा लागे. धानोऱ्याचं तेवढं वाईट नाही. सकाळी दहाला वर्ग, साडेदहाला सरांचा आवाज तुटायला लागतो, अकराला पोचिंकी. पोरांना दोष देणं सोपं आहे. पण क्रिकेट बंद, जत्रा बंद, मामाच्या गावाला जाणं बंद, अशा त्या चार महिन्यांत चार मित्रांना एकत्र भेटता येईल अशी एकच जागा उघडी होती आणि ती एरँगलवर होती, हे मी त्यांच्या आयांनाही बोलून दाखवलंय. पटलं कोणालाच नाही.

1,890 तास आधी

15 जूनची रात्र, गलवान खोरं. चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे 20 जवान धारातीर्थी पडले.

इथून मोजणीचा वेग बदलतो. 29 जूनच्या रात्री 59 चिनी ॲपवर बंदी आली: टिकटॉक, यूसी ब्राउझर आणि त्यांच्याबरोबर शेअरइट व झेंडर. ज्या दोन नळ्यांतून पबजी आमच्या गावात शिरला त्या दोन्ही पहिल्याच यादीत होत्या. टिकटॉकवर व्हिडिओ करणाऱ्या पोरींचं नुकसान मोठं होतं, पण त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पबजीवाले मात्र निर्धास्त. त्यांचा युक्तिवाद ठरलेला: "आपला गेम कोरियाचा."

888 तास आधी

27 जुलै. आणखी 47 ॲप बाद, पहिल्या 59 ची भावंडं. त्याच दिवशी वर्तमानपत्रांत आलं की सरकार 275 ॲपची यादी तपासतंय आणि तिच्यात पबजी आहे. कोरियाचा युक्तिवाद पुन्हा घासूनपुसून बाहेर निघाला.

576 तास आधी

9 ऑगस्ट. पबजी मोबाइल वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागाची अंतिम फेरी संपते. इंडोनेशियाचा बिगेट्रॉन पहिला, भारताचा ऑरेंज रॉक दुसरा. या गेममध्ये भारतीय संघाने एवढ्या वर मारलेली मजल तोवर क्वचितच कोणी पाहिली होती. करिअर म्हणून या खेळाकडे बघणाऱ्यांना ऑगस्ट 2020 इतका चांगला महिना मिळाला नव्हता.

89 तास आधी

29 आणि 30 ऑगस्टच्या मधली रात्र. पँगाँग सरोवराच्या दक्षिण काठावर भारतीय सैन्य उंचावरच्या मोक्याच्या जागा ताब्यात घेतं.

या रात्रीबद्दल 31 तारखेला लष्कराचं निवेदन आलं. पण त्या दिवशी बातम्यांची रांगच लागली होती. जीडीपी 23.9 टक्क्यांनी आक्रसल्याचा आकडा आला, संध्याकाळी प्रणव मुखर्जी गेले. पँगाँग कुठे आहे हे नकाशावर दाखवायला वाहिन्यांना सवड मिळाली ती दुसऱ्या दिवशी.

24 तास आधी

1 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. नंदुरबारात दादा गणपती आणि बाबा गणपतीच्या रथांची हरिहर भेट बघायला एरवी पंचक्रोशी लोटते. त्या वर्षी मिरवणूकच नव्हती. गावातही घरचे गणपती घरच्या घरी बुडवले. देशात जेईईची परीक्षा सुरू झाली होती, मास्क लावून. रात्री पोरांना जागरणाचं निमित्त उरलं नव्हतं, पण सवय होती.

17 तास आधी

2 सप्टेंबर सुरू झाला. या तारखेपासून महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला ई-पास लागणार नव्हता. पाच महिन्यांनी धुळ्याला किंवा नाशिकला विनापरवाना जाता येणार होतं. राज्यातल्या रुग्णांचा आकडा आठ लाखांच्या पुढे, तरीही हद्दी उघडल्या. त्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या तोंडी ही बातमी होती.

7 तास आधी

सकाळी दहा. ऑनलाइन वर्ग. कपाशीला पाती-फुलं लागलेली, निंदणीला माणसं हवी होती. त्यामुळे बरीच मोठी मुलं वर्गातही नव्हती आणि गेममध्येही नव्हती, शेतात होती. पबजीच्या व्यसनावर शहरांतून लिहिणाऱ्यांना आमच्याकडच्या पोरांचा हा दिनक्रम ठाऊक नसतो. ती दिवसभर राबतात आणि रात्री नऊनंतर बेटावर उतरतात.

1 तास आधी

दुपारचे चार. दिल्लीत आदेश तयार असणार. शिफारस गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची, अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ चे. या कलमाखालचा आदेश गुप्त असतो; आपल्याला दिसतं ते फक्त प्रसिद्धिपत्रक.

शून्य

इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचं पत्रक येतं. 118 ॲप बाद. कारण: देशाचं सार्वभौमत्व, अखंडता, संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांना बाधा, वापरणाऱ्यांची माहिती चोरून देशाबाहेरच्या सर्व्हरवर पाठवली जात असल्याच्या तक्रारी.

यादीत नाव नुसतं 'पबजी' असं नव्हतं. 'पबजी मोबाइल नॉर्डिक मॅप: लिव्हिक' असं होतं. जुलैमध्ये लिव्हिक हे नवं छोटं बेट आलं होतं, बावन्न खेळाडूंचं, पंधरा मिनिटांत संपणारं. त्याची जाहिरात म्हणून कंपनीने प्ले स्टोअरवरच्या गेमच्या नावालाच ते शेपूट जोडलं. सरकारी यादीत ते शेपटासकट आलं. म्हणून पहिला अर्धा तास गावागावांत एकच वाद: लिव्हिक बंद झालं की सगळाच गेम? एका पोराने मला छातीठोकपणे सांगितलं की एरँगलला हात लावलेला नाही. यादीत दुसरं नाव पबजी मोबाइल लाइटचं होतं. ते ऐकल्यावर मात्र जुन्या फोनवाले गप्प झाले.

आणि ते पत्रक शांतपणे वाचा. दीड वर्ष ज्यावरून गदारोळ चालला होता त्यातलं या पत्रकात काही सापडत नाही. मुलांचा अभ्यास नाही, झोप नाही, व्यसन नाही, हिंसा नाही. राजकोटचे पोलीस, मुंबईतला अकरा वर्षांचा याचिकाकर्ता, तालकटोऱ्यातली ती आई, यांच्या कोणाच्या म्हणण्यावरून हा निर्णय झाला नव्हता. पोरांसाठी बंदी मागणाऱ्यांच्या हाती बंदी पडली, पण ती पँगाँगच्या काठावरून आलेली. पालकांच्या ग्रुपवर अभिनंदनाचे निरोप फिरले ते फिरलेच. मला विचाराल तर त्या आनंदात एक फसगत होती: मुलांचं काय करायचं हा प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं, आणि तो प्रश्न त्या दिवशी कोणी हातातच घेतला नव्हता.

शून्यानंतर

पण शून्य वाजलं आणि काहीच झालं नाही.

रात्री नऊला गेम चालू होता. सर्व्हर उत्तर देत होता, विमान उडत होतं, पोचिंकीत नेहमीइतकीच गर्दी. सेन्सर टॉवर या कंपनीच्या हिशेबाने तोवर भारतात सुमारे 17.5 कोटी वेळा गेम उतरवला गेला होता, जगातल्या एकूण डाउनलोडच्या जवळपास चौथा हिस्सा. एवढे फोन सरकार कुठे तपासत बसणार? दुसऱ्या दिवशी हाँगकाँगच्या बाजारात टेन्सेंटचा समभाग सुमारे दोन टक्क्यांनी उतरला. 4 सप्टेंबरच्या सुमाराला गूगल आणि ॲपलच्या दुकानांतून गेम गेला. त्याच दिवशी अक्षय कुमारने 'फौजी' या देशी गेमची घोषणा केली, आणि दोन तासांत आमच्या इथल्या पोरांनी त्याची रेवडी उडवायला सुरुवात केली. तो गेम प्रत्यक्ष आला 26 जानेवारी 2021 ला; त्याबद्दल इतकंच पुरे.

म्हणजे नवीन माणसाला दार बंद होतं, आत असलेल्याला नाही. ज्याच्या फोनमध्ये गेम होता तो अचानक भाग्यवान ठरला. फोन बिघडला तरी दुरुस्तीला टाकायला पोरं धजत नव्हती. दुकानदाराने रीसेट मारला तर?

8 सप्टेंबरला दोन गोष्टी एकदम झाल्या. गेमची 1.0 ही नवी आवृत्ती जगभर आली, नव्याने रंगवलेल्या एरँगलसकट. आणि कोरियाच्या पबजी कॉर्पोरेशनने जाहीर केलं की भारतातला पबजी मोबाइल चालवण्याचे अधिकार टेन्सेंटकडे राहणार नाहीत, आम्हीच बघू. "आपला गेम कोरियाचा" हे पोरांचं म्हणणं कोरियाने सव्वादोन महिन्यांनी उचलून धरलं होतं. नवी आवृत्ती दुकानात नसल्याने ती आडवाटेने, कुठल्या तरी वेबसाइटवरून एपीके उतरवून बसवावी लागली. ओबीबी फाईलची जागा माहीत असणाऱ्यांचा भाव पुन्हा वधारला. काहींनी थेट कोरियन आवृत्ती टाकली. माहिती चोरीला जाऊ नये म्हणून घातलेल्या बंदीमुळे पोरं मिळेल तिथून, कोणी बनवली हे न बघता, फाईल फोनमध्ये घेत होती.

अधिक महिना आला, गेला. कापूस वेचणीला आला. मिरचीची हिरवी तोड नंदुरबारच्या बाजारात जाऊ लागली. स्क्वॉडमधला एकेक जण गॅरेनाच्या फ्री फायरकडे वळत होता. तो हलका होता आणि यादीत नव्हता. पण ज्यांनी पबजीत पैसे घातले होते ते हलेनात. कोणाच्या खात्यावर एम416 बंदुकीचा बर्फासारखा ग्लेशियर रंग, कोणाचा रॉयल पास सलग सहा सीझनचा. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण मजुरीच्या पैशांतून वाचवून घेतलेली वस्तू, मग ती हातात धरता येत नसली तरी, सोडवत नाही.

1,375 तासांनी

29 ऑक्टोबर, गुरुवार. टेन्सेंटने फेसबुकवर चार ओळी टाकल्या. 2 सप्टेंबरच्या अंतरिम आदेशाचं पालन म्हणून 30 ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण बंद होईल, प्रकाशनाचे हक्क मूळ मालकाला परत जातील. मनापासून खेद वगैरे.

हाच खरा शेवट. तो सरकारने नाही, कंपनीने केला. बंदीच्या दिवशी नाही, 58 व्या दिवशी केला. मुदत दिली एका दिवसाची.

गुरुवारी संध्याकाळी त्या हिरव्या पिंगच्या कट्ट्यावर मी स्वतः गर्दी पाहिली. खेळ कमी, आवराआवर जास्त. एक जण आपल्या सामानाच्या यादीचे स्क्रीनशॉट काढत होता: कपडे, बंदुकींचे रंग, 'एस' श्रेणीचा शिक्का, प्रत्येक सीझनची नोंद. फोनची मेमरी भरली तेव्हा त्याने ऑनलाइन वर्गाचे व्हिडिओ उडवले. दुसरा गेस्ट खात्यावर खेळणारा; फेसबुकला जोडलेलं नाही म्हणजे उद्या गेम परत आला तरी आपलं काही राहणार नाही, हे त्याला कोणीतरी तेव्हा समजावून सांगत होतं. तो दोन वर्षं खेळत होता. तिसऱ्याने यूसी, म्हणजे गेममधलं चलन, शिल्लक होतं ते भरभर उधळलं, एक ढगळ पिवळा कोट घेतला आणि तो घालून शेवटच्या विमानात बसला. उतरल्या उतरल्या मेला. मंडळी पोट धरून हसली.

30 तारखेला, शुक्रवारी, कोजागिरी होती. सेवा बंद झाली. एका क्षणी सगळीकडची बत्ती गेली असं मात्र घडलं नाही. कोणाचं आधी तुटलं, कोणाचं रेंगाळलं, कोणाचा तर फिरणारा गोल कितीतरी वेळ फिरतच राहिला आणि त्याला वाटलं आज नेटच खराब आहे. ज्याची कोरियन आवृत्ती होती तो खेळत राहिला आणि इतरांनी त्याला शिव्या घातल्या.

पुढे

12 नोव्हेंबरला, वसुबारसेच्या दिवशी, पबजी कॉर्पोरेशनने पबजी मोबाइल इंडियाची घोषणा केली: दहा कोटी डॉलर गुंतवणूक, भारतात कंपनी, शंभर जणांना नोकऱ्या. दिवाळीत पोरांनी फटाक्यांऐवजी तारखा उडवल्या. रोज नवी तारीख, रोज खोटी. मंत्रालयाने अशी परवानगी दिलेली नाही हे माहिती अधिकाराच्या उत्तरांतून कळायला वेळ लागला नाही.

शेवटी 2 जुलै 2021 ला गेम आला, 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' (बीजीएमआय) या नावाने, कोरियाच्याच क्राफ्टन कंपनीकडून. बेटं तीच. रक्त हिरवं. 'मारला' ऐवजी 'फिनिश केला'. 28 जुलै 2022 ला त्याच कलम 69अ खाली तोही दुकानांतून गेला. त्याच्या पाच महिने आधी फ्री फायर गेलाच होता, फक्त त्याचं 'मॅक्स' हे भावंड मागे राहिलं, आणि सगळे त्यावर गेले. मे 2023 मध्ये बीजीएमआय तीन महिन्यांच्या चाचणीवर परतला आणि राहिला. या खेपांना धानोऱ्यात कोणी तास मोजले नाहीत. पोरं शिकली होती: खातं फेसबुकला जोडायचं, फाईल मेमरी कार्डात ठेवायची, आणि एका गेमवर जीव टाकायचा नाही.

मुलांची काळजी मात्र बीजीएमआयच्या नियमांत पहिल्यांदा लेखी उतरली. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास. खर्चाला दिवसाची मर्यादा सात हजार रुपये. आमच्याकडे ती वाचून पोरंच हसली, मजुराचा महिन्याचा पगार तेवढा होतो. आणि खेळण्याआधी पालकाची संमती: आई किंवा वडिलांच्या मोबाइल नंबरवर ओटीपी येणार, तो टाकला की मगच आत.

धानोऱ्यात बहुतेक घरांत फोन एकच. ओटीपी ज्या फोनवर यायचा, तो पोराच्याच हातात होता.